बोट पानात आहे तोवर

वाचत बसलेल्या माणसाशी कुणी बोलायला लागलं की तो आधी काय करतो, हे नीट बघण्यासारखं असतं. मान वर यायच्या आधी हात हलतो. एक बोट पानांच्या फटीत सरकतं, पुस्तक त्या बोटावर अर्धवट मिटतं आणि मग कुठे डोळे वर येतात. सेकंदभराचाच प्रकार, पण त्यात त्याचं म्हणणं पुरतं येऊन गेलेलं असतं: बोला, ऐकतोय, पण मला परत जायचंय.

हे बोट ज्याला दिसतं त्याला अनोळखी माणसाशी त्याच्या पुस्तकाबद्दल बोलता येतं. ज्याला दिसत नाही तो प्रवासभर बोलतो आणि समोरच्याचं बोट दुखायला लागतं.

वरवर पाहता गप्पांचा हा सगळ्यात सोपा प्रकार. विषय आयता, नावासकट छापलेला. पण हवेबद्दल बोलायला हवा थांबवावी लागत नाही; पुस्तकाबद्दल बोलायचं तर वाचन थांबवावं लागतं. ज्याचं कौतुक करायचं त्याच्याच आड यायचं, असा हा उद्योग आहे. त्यामुळे काय विचारायचं याआधी कधी विचारायचं ते शिकावं लागतं.

अडचण फार जुनी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या मिलानमध्ये ऑगस्टीन, जो पुढे ख्रिस्ती संत म्हणून ओळखला गेला, बिशप अँब्रोज यांच्याकडे जात असे. दार उघडं असायचं, कुणीही आत यावं. आत अँब्रोज मनातल्या मनात वाचत बसलेले. डोळे पानावरून फिरताहेत, ओठ मिटलेले. आलेली मंडळी जरा वेळ मुकाट बसायची आणि तशीच निघून जायची. ते असं मनात का वाचत असतील, याचे ऑगस्टीनने दोन तर्क लिहून ठेवलेत. एक, घसा जपायला. दुसरा अधिक मजेशीर: मोठ्यानं वाचलं तर ऐकणारा एखादी अवघड जागा आली की अर्थ विचारणार, चर्चा लांबणार आणि वाचायचं राहून जाणार. म्हणजे मनातलं वाचन हे प्रश्न टाळायचं साधन असू शकतं, हा संशय सोळाशे वर्षांपूर्वीच कुणाला तरी आला होता.

आता गर्दीत पुस्तक उघडणारा प्रत्येक जण लोकांना टाळायलाच उघडतो, असं नाही. पण काही जण नक्की त्यासाठीच उघडतात. सार्वजनिक जागी आपण एकमेकांकडे एकदा नजर टाकतो आणि लगेच काढून घेतो. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ साली या शिष्टाचाराचं नीट वर्णन केलं. तुम्ही आहात हे मी पाहिलं, पण मला तुमच्याकडून काही नको, असा त्याचा अर्थ. पुस्तक हातात असलं की ही नजर आणखी अलगद काढून घ्यावी लागते.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागो भागातल्या रोजच्या प्रवाशांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, एकटे बसा. काहींना म्हटलं, नेहमीसारखा प्रवास करा. आधी अंदाज विचारले तेव्हा लोक म्हणाले, एकटं बसणंच बरं. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला झाला. या प्रयोगाचा दाखला देऊन दिसेल त्याला हटकणारे उत्साही लोक असतात. पण प्रयोग बोलण्याचा होता, वाचणाऱ्याला थांबवण्याचा नव्हता. तेवढा फरक ठेवूनच तो वापरावा.

तर, कधी.

वाचताना डोळे ओळीवरून घरंगळत जात नाहीत, ते उड्या मारतात. प्रत्येक मुक्काम साधारण पाव सेकंदाचा. समोर बसलेल्याला या बारीक उड्या दिसतात. त्या चालू असताना विचारायचं नाही, इतकं सरळ आहे. त्या थांबल्या, नजर पानावरच पण एका जागी खिळली, तर माणूस वाचलेल्यावर विचार करतोय; तेव्हाही नाही. नजर पानावरून उठून खिडकीबाहेर गेली, खांदे जरा सैल पडले, तर ती वेळ. प्रकरण संपल्यावर हे हमखास घडतं. अर्धं कोरं पान दिसलं की समजावं.

दुसरी खूण घड्याळाची. इंग्रजीत मनातल्या मनात वाचायचा सरासरी वेग मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास धरतात. लहान आकाराच्या पुस्तकात एका पृष्ठावर अडीचशे-तीनशे शब्द मावतात. समोरासमोरची दोन पृष्ठं वाचून कागद उलटायला दोन-अडीच मिनिटं पुरतात. सहा-सात मिनिटं कागद उलटला नाही आणि डोळे इकडेतिकडे फिरताहेत, तर पुस्तक नुसतं हातात धरलेलं आहे. अशा माणसाला प्रश्न आला तर सुटकाच वाटते. (कविता वाचणाऱ्याला हा हिशेब लावू नये. तो एका पानावर अर्धा तास बसतो आणि ते त्याचं वाचनच असतं.)

तिसरी खूण जाडीची, आणि ती सगळ्यात भरवशाची. साध्या ८० ग्रॅमच्या कागदाचे शंभर ताव, म्हणजे दोनशे पृष्ठं, सेंटिमीटरभर जाड होतात. उजव्या अंगठ्याखाली अडीच मिलिमीटर उरलेत असं दिसलं तर शेवटची पन्नास पृष्ठं राहिलीत. तिथे जगातलं कुठलंही कुतूहल आवरावं. रहस्यकथा असेल तर खुनी त्या अडीच मिलिमीटरमध्येच बसलेला असतो. अगदी सुरुवातीला, आठ-दहा पानांवर, विचारण्यातही अर्थ नाही. वाचणाऱ्यापाशी अजून सांगण्यासारखं काही जमलेलं नसतं. तिसऱ्या हिश्श्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतचा पट्टा चांगला. पात्रं ओळखीची झालेली असतात, मत मात्र अजून ओलं असतं.

हे ओलं मत हीच या गप्पांची खरी कमाई आहे. परीक्षण लिहिणारा पुस्तक संपवून, मागे वळून बघत लिहितो. मित्र शिफारस करतो तीही वाचून झाल्यावर, आणि त्यात तुम्ही त्याला काय समजाल याची थोडी काळजी मिसळलेली असते. रेल्वेत शेजारी बसलेला माणूस पृष्ठ १४३ वरून बोलतो. नायक त्याला आत्ता आवडत नाही, पुढे कदाचित आवडेल. लेखक काय करतोय हे त्याला कळलेलं नाही आणि तुमच्यापुढे ते कबूल करायला त्याला लाज वाटत नाही, कारण तुम्ही दोन थांब्यांनी उतरणार आहात. ‘कंटाळा येतोय, पण सोडवत नाही’ हे वाक्य कुठल्याही परीक्षणात सापडत नाही. पुस्तकाबद्दलचं ते फार खरं वाक्य असू शकतं.

म्हणूनच विचारायचा प्रश्न ‘कसं आहे?’ हा नव्हे. अर्ध्यावर असलेल्या माणसाकडे निकाल मागितला की तो ‘चांगलं आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘कशाबद्दल आहे?’ हा त्याहून वाईट. चारशे पृष्ठांचा सारांश उभ्या उभ्या काढायला लावणं ही परीक्षा झाली; बहुतेक माणसं मागच्या मजकुरातलं अर्धं वाक्य म्हणून थांबतात. ‘काय वाचताय?’ हे मुखपृष्ठ दिसत नसेल तर ठीक. नाव लांबून स्वच्छ दिसत असताना विचारलं तर प्रश्न खोटा पडतो, आणि खोटा प्रश्न ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

‘कुठवर आलात?’

हा प्रश्न बरा, कारण त्याला लहान उत्तर असतं आणि मोठंही. ज्याला बोलायचं नाही तो ‘निम्मं झालं’ म्हणून मोकळा होतो. त्यात उद्धटपणा नाही, तुमचाही अपमान नाही. ज्याला बोलायचंय तो तिथून सुरू करतो: आत्ताच ती घर सोडून निघालीय, काय करणार आहे कळत नाही. शिवाय या प्रश्नात एक आश्वासन आहे, की मी तुमच्या पुढे जाणार नाही.

ते आश्वासन पाळणं मात्र अवघड जातं, विशेषतः पुस्तक आपण वाचलेलं असलं तर. पहिली गोष्ट, वाचलंय हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकावं: ‘मी वाचलंय हे. तुम्ही कुठवर आलात?’ नाहीतर समोरचा पाच मिनिटं समजावून सांगतो आणि शेवटी तुम्ही ‘हो, माहितीये’ म्हणता. तो चेहरा मग बघवत नाही. दुसरी गोष्ट, शेवट सांगू नये हे सगळ्यांना कळतं, पण शेवट अनेक वाटांनी फुटतो. ‘पुढे बघा काय मजा येते’ म्हटलं की वाचणारा त्या क्षणापासून वळणाची वाट बघत वाचतो आणि वळण आलं की ओळखतो. ‘मला तो धाकटा भाऊ फार आवडला’ म्हटलं की धाकटा भाऊ पुढेही आहे, मरत नाही, हे कळलं. ‘शेवट पटला नाही मला’ यातूनही अर्धं कळतं. वाचलेल्या माणसानं मागचंच बोलावं, समोरच्याच्या बोटाच्या अलीकडचं. पुढच्याबद्दल चेहरासुद्धा करू नये.

प्रश्न विचारला की गप्प राहायचं. ऐकायला सोपं, करायला नाही. बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच अंतर पडतं. दहा भाषांमधलं संभाषण मोजून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे दिसलं. वाचणाऱ्याला इतक्या लवकर उत्तर देता येत नाही. तो दुसऱ्या गावातून परत येत असतो. दोन सेकंद, कधी तीन. आपल्याला ती शांतता नकार वाटते आणि घाईघाईनं दुसरा प्रश्न बाहेर पडतो, मग तिसरा, मग ‘नाही, सहज विचारलं’. तोवर बिचारा जेमतेम मान वर करत असतो. मनात तीनपर्यंत मोजावं.

मग उत्तर येतं, पण शब्दांआधी हातांचं. पुस्तक नुसतं उभं करून मुखपृष्ठ दाखवलं, तोंडातून शब्द नाही: हे पूर्ण उत्तर आहे. मान डोलवावी, हसावं, संपलं. बोट आत ठेवून पुस्तक मांडीवर टेकवलं: मिनिट-दोन मिनिटं मिळाली. आणि खूणपट्टी शोधली, तिकीट किंवा कागदाचा चिटोरा पानात घातला, पुस्तक मिटून बाजूला ठेवलं: आता बोट मोकळं झालं. आता खुशाल बोला. ही पट्टी घातली जाईपर्यंत आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्यानं चपला काढून आत पसरायचं नसतं.

दुसरा प्रश्न कुठून आणायचा, ही काळजी लोकांना उगाच असते. तो समोरच्याच्या उत्तरातच पडलेला असतो. तो म्हणाला, ‘जरा संथ आहे.’ इथे दोन रस्ते फुटतात. एक: ‘हो का? मी मागे एक वाचलं होतं, तेही असंच…’ आणि गप्पा तुमच्या झाल्या. दुसरा: ‘कुठे संथ होतं?’ मग तो सांगतो, की जंगलाची वर्णनं फार आहेत, आधी वगळत होतो, पण मधे एक नदी ओलांडायचा प्रसंग आला तेव्हा कळलं की मागचं वगळायला नको होतं, मग परत मागे गेलो. या एका उत्तरातून पुस्तक कसं वाचायचं तेच कळलं. उत्तरातला शब्द उचलून विचारणारा माणूस समोरच्याला जास्त आवडतो, असं २०१७ च्या एका अभ्यासातही आढळलं. पण त्यासाठी अभ्यास नसता तरी चाललं असतं.

पुस्तक कुठलं हे कळण्याचे मार्ग हल्ली कमी झालेत. १९३५ साली पेंग्विन या प्रकाशनसंस्थेनं स्वस्त कागदी बांधणीची पुस्तकं काढली तेव्हा रंगच ठरवून दिले होते: नारिंगी म्हणजे कथा-कादंबरी, हिरवा म्हणजे गुन्हेकथा, गडद निळा म्हणजे चरित्र. डब्याच्या दुसऱ्या टोकाकडूनही समोरचा काय प्रकार वाचतोय ते कळे. २००७ साली किंडल हे पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र आलं आणि ही सोय उलटली. त्याच्या पाठीवर पुस्तकाचं नाव नसतं, सगळे वाचक सारखेच दिसतात, जाडीचा हिशेबही लागत नाही. तिथे ‘काय वाचताय?’ हा प्रश्न खरा ठरतो, पण जपून, कारण ते नाव तुम्हाला दिसू नये ही त्या माणसाची सोयही असू शकते. फोनवर वाचणाऱ्याला विचारूच नये. तो कादंबरी वाचतोय की घरचा निरोप, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

कव्हर घातलेल्या पुस्तकाचंही तसंच. कव्हर दोन कारणांनी घालतात: पुस्तक जपायला, नाहीतर लपवायला. कुठलं कारण आहे ते ओळखता आलं नाही तर दुसरंच धरून चालावं.

ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी असते, आणि विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीचे आकडे ज्याला वाचता येतात त्याला मुखपृष्ठ न बघता बरंच कळतं. ८०० च्या घरात साहित्य, ९०० च्या घरात इतिहास-भूगोल. तिथे बिनधास्त विचारावं. पण ६१६ म्हणजे रोग आणि त्यांचे उपचार. ३०६.८९ म्हणजे घटस्फोट. १५५.९३७ म्हणजे मृत्यू आणि त्यानंतरचं दुःख. ही पुस्तकं कुणी सहज म्हणून क्वचितच उघडतं. अशा पुस्तकावर ‘वा, काय विशेष?’ म्हणणारा माणूस न कळत कुणाच्या तरी घरात शिरलेला असतो. चिठ्ठी नसली तरी नावावरून हे कळतं, आणि कळलं की आपलं पुस्तक उघडावं.

हे असं घडतं ते बहुधा आवाजामुळे चव्हाट्यावर येतं. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतरांची मोजणी मांडली. त्यात ओळखीच्या माणसांचं अंतर साधारण ४५ सेंटिमीटर ते १२० सेंटिमीटर. शेजारच्या सीटवरचा माणूस त्याहूनही जवळ असतो, त्यामुळे हळू बोललं तरी ऐकू जातं, आणि दोघंही समोर बघत बोलू शकतात. समोरच्या बाकावरून, मधल्या वाटेपलीकडून विचारायचं तर आवाज चढवावा लागतो आणि त्या पुस्तकाचं नाव अख्ख्या डब्याला कळतं. शेजारची जागा चांगली. फक्त तिथे एक मोह असतो, मान वाकडी करून त्याच्या पानातलं वाचायचा. त्यात सापडलात तर प्रश्न विचारायचा हक्क गेला. तुमचा वेग जास्त असेल तर पान उलटायची वाट बघत तुम्ही घुटमळता, आणि ते घुटमळणं शेजाऱ्याला कानाशी डास असल्यासारखं जाणवतं.

पुरुषांनी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईच्या हातातलं पुस्तक पुष्कळदा ढालीसारखं असतं, आणि ‘काय वाचताय?’ हा प्रश्न तिनं निव्वळ पुस्तकासाठी विचारलेला असा फार कमी वेळा ऐकलेला असतो. इथे एक चाचणी पुरते. हेच पुस्तक शेजारी बसलेल्या साठीच्या गृहस्थाच्या हातात असतं तर तुम्ही विचारलं असतं का? उत्तर अडखळत आलं तर विचारू नये. ती खिडकीशी आहे आणि तुम्ही वाटेत, रात्र आहे, डब्यात माणसं तुरळक आहेत: यातलं एकही असेल तर चाचणीसुद्धा नको. कानात इअरफोन असले तर पुरुष असो बाई असो, दाराला दोन कड्या आहेत.

कधी कधी गप्पा रंगतात आणि समोरचा पुस्तकच पुढे करतो: बघा ना. ते घ्यायचीही पद्धत आहे. त्याचं बोट ज्या पानात आहे तिथेच आपलं बोट आधी सरकवायचं, मग त्याचं बोट निघतं. ही अदलाबदल नीट झाली की त्याची जागा शाबूत राहते आणि त्याचा जीवही. मुखपृष्ठ, मागचा मजकूर, श्रेयपृष्ठ एवढंच बघावं; मधली पानं चाळू नयेत. पुस्तक आपल्याला हवं असेल तर नावाबरोबर लेखकाचंही नाव टिपावं, कारण एकाच नावाची दोन पुस्तकं सर्रास असतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचंही, नाहीतर घरी भलतीच आवृत्ती येते. मुखपृष्ठाचा फोटो काढायचा तर विचारून, आणि त्यात त्याचा चेहरा येणार नाही असा. कणा मोडेल इतकं पुस्तक उघडू नये, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

संपवणं आपल्याकडे. प्रश्न आपण विचारला होता, त्यामुळे तो कधी आवरायचा हेही आपणच बघायचं. संभाषणं कधी संपतात यावर २०२१ साली एक अभ्यास आला. दोघांनाही हव्या त्या वेळी संपलेली संभाषणं त्यात जेमतेम दोन टक्के निघाली. बाकी सगळी कुणाला तरी लांबली किंवा कुणाला तरी तुटली. वाचणाऱ्याच्या बाबतीत तुटलेलीच बरी. चार-पाच वाक्यं झाली, त्याचं बोट अजून आतच आहे, नजर एकदा पानाकडे जाऊन आली, की ‘वाचा तुम्ही, मी मधेच अडवलं’ म्हणून मान वळवावी. खरोखर वळवावी, ‘वाचा तुम्ही’ म्हणून त्याच्याकडेच बघत बसू नये. उतरायला दोन थांबे असताना सुरू केलेल्या गप्पा या बाबतीत सोयीच्या, त्यांचा शेवट वेळापत्रकातच छापलेला असतो.

वाचणाऱ्यालाही एक वाक्य हाताशी ठेवता येतं: ‘एवढं प्रकरण संपवतो, मग बोलू.’ विचारणारा समजूतदार असेल तर त्याला यात पूर्ण उत्तर मिळतं, आणि प्रकरण संपल्यावर खरंच बोलावंसं वाटलं तर दार उघडं राहतं.

मान वळवल्यानंतर शेजारी काय होतं ते कडेनं दिसतं. पुस्तक पुन्हा उघडतं, पण वाचन होतं तिथूनच सुरू होत नाही. डोळे थोडे वर जातात, परिच्छेदाच्या सुरुवातीला, आणि त्याच चार ओळी पुन्हा वाचल्या जातात. मिनिटभरात उड्या परत लयीत येतात. मधेच तो खुदकन हसला तरी ‘काय झालं?’ विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर तो पानात बोट घालेल आणि आपल्याकडे बघेल.